मीटरचा लाल दिवा आणि युनिटांचा हिशेब

नागपुरात मे महिन्यात कूलर दिवसभर बंद होत नाही, आणि पुढचं बिल हाती पडलं की घरोघरी एकच प्रश्न: एवढे युनिट जळले कुठे? बिलात सगळ्या महिन्याचा मिळून एकच आकडा असतो. तासातासाचा हिशेब हवा असेल, तर तो मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडून मिळतो.

मीटरवर बारीक अक्षरांत ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीसं लिहिलेलं असतं. काहींवर १६०० किंवा ६४००. म्हणजे एक युनिट जळेपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. २०० वॉटचा कूलर एकटाच चालू असेल तर दोन लुकलुकींमध्ये साधारण साडेपाच सेकंद जातात. दीड किलोवॉटचा एसी लागला की एक सेकंदही जात नाही. घड्याळ घेऊन मीटरसमोर उभं राहिलं तरी एवढं कळतं.

रोज कोण उभं राहणार? म्हणून दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा सेन्सर चिकटवायचा आणि तो ईएसपी३२सारख्या वाय-फायवाल्या छोट्या संगणक-बोर्डाला जोडायचा, म्हणजे लुकलुकी बोर्डच मोजतो. सील आणि वायरींना अजिबात हात लावायचा नाही. वीजचोरीसाठी मीटरशी केलेली छेडछाड विद्युत कायदा २००३च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. पोर्चमधलं ऊन सेन्सरवर पडलं तर मोजणी बिघडते. त्यावर काळी चिकटपट्टी पुरते.

खरी गोम पुढेच आहे: बोर्डाने वाय-फायवरून दूरच्या डेटाबेसला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या संगणकाला, पाठवायचं काय? ‘या मिनिटात ११ लुकलुकी’ असं पाठवलं आणि नेमका तोच निरोप वाटेत हरवला, तर त्या ११ कायमच्या गेल्या. त्याऐवजी मीटरसारखा चढता एकूण आकडाच पाठवावा. मधले दहा निरोप बुडाले तरी अकराव्यात बेरीज शाबूत असते. वजाबाकी डेटाबेस करेल. मिनिटाला एक नोंद म्हटलं तर वर्षाच्या ५,२५,६०० होतात. आजच्या संगणकाला हे काहीच नाही.

लाइन गेली की मात्र बोर्ड एकूण आकडा विसरतो. प्रत्येक लुकलुकीला तो बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात) लिहावा, तर तिची एक जागा साधारण लाखभर वेळाच लिहून घेते. एसी चालू असताना तासाला ४८०० लुकलुकी होतात, म्हणजे एका दिवसात खेळ खलास. सोपा उपाय म्हणजे जागं झाल्यावर बोर्डाने डेटाबेसलाच विचारावं, ‘शेवटचा आकडा काय होता?’ लाइन आल्यावर राउटर सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि फ्रिज तोवर चालू झालेला असतो, त्यामुळे या वेळातल्या लुकलुकी वेगळ्या मोजून मग त्यात मिळवायच्या. तरी थोडा फरक राहतोच. महिन्यातून एकदा मीटरचा आकडा पाहून जुळवून घ्यावा.

या नोंदी बोलक्या असतात, बरं. दिवाळीत घर गावाला गेलं की आलेखात फक्त फ्रिजचा चढउतार उरतो, आणि घराला कुलूप आहे हे कोणालाही वाचता येतं. डेटाबेसला पासवर्ड हवाच. आलेख व्हॉट्सॲपवर मिरवायचाच असेल तर परत आल्यावर.