नागपूरची शिक्षण कार्यालये आणि नेतृत्वशैली : पार्श्वभूमी

साहेब बदलले की टेबलांची चाल बदलते, असे नागपुरातील शिक्षण कार्यालयांत वावरणारे शिक्षक आणि लिपिक सांगतात. त्यामागचे कारण या कार्यालयांच्या जन्मात सापडते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे भारतातील शिक्षणाबाबतच्या ब्रिटिश धोरणपत्राने, प्रांतोप्रांती शिक्षण खाते आणि तपासनिसांची साखळी आणली. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, तेव्हा येथेही तीच घडी बसली. शाळा तपासणे, अनुदान देणे वा रोखणे आणि वर अहवाल पाठवणे हेच मुख्य काम असल्याने वरिष्ठाने दोष काढावा आणि कनिष्ठाने खुलासा द्यावा, असे नाते रुजले.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. शिक्षणाधिकारी तेव्हापासून एकीकडे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना, तर दुसरीकडे राज्याच्या शिक्षण खात्यातील शिक्षण उपसंचालकांना उत्तरदायी राहिला. दोन्हीकडून विचारणा होणारा अधिकारी निर्णय घेण्यापेक्षा फाइलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारणे सुरक्षित मानतो, आणि हे पाहणारा लिपिकही स्वतःचे स्पष्ट मत टिपणीत लिहीनासा होतो. माझ्या मते कामगिरी खरी घसरते ती येथे. आळशीपणाचा ठपका मात्र लिपिकावर येतो.

नेतृत्वशैलींचा शास्त्रीय अभ्यास या कार्यालयांच्या जन्मापेक्षा पुष्कळ नंतरचा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांत हुकूमशाही पद्धतीच्या गटाचे काम नेता बाहेर जाताच मंदावले, तर विचारविनिमयाने चालणारा गट काम करीत राहिला. मुलांचा गट आणि सरकारी कार्यालय यांत अंतर आहेच. तरी साहेब दौऱ्यावर असताना शिक्षकांची वैद्यकीय देयके पुढे सरकतात की नाहीत, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

राज्याने कायद्याचा मार्गही धरला. २००५ च्या बदल्या व विलंबविषयक कायद्याने अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षे ठरवला आणि एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजी दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे बंधन घातले. २०१५ मध्ये ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हक्क कायदा आला. मात्र मुदत पाळण्यासाठी सहाव्या दिवशी एक त्रुटी काढून प्रस्ताव शाळेकडे परत पाठवायचा, की सगळ्या त्रुटी पहिल्याच पत्रात कळवायच्या, हे त्या टेबलावरचा लिपिक आपल्या साहेबांकडे पाहूनच ठरवतो.