मागच्या शॉकअपचं गणित

गणपतीला कोकणात निघालेली एखादी छोटी गाडी बघा. मागच्या सीटवर तिघं, डिकीत बॅगा आणि मखराचं सामान, गाडी मागून चांगलीच बसलेली. "शॉकअप गेलेत, बदलून टाका," असा सल्ला हमखास मिळतो. पण गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाही. ते काम स्प्रिंगचं. रिकामी असतानाही गाडी मागून दबलेली दिसत असेल, तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. नवे शॉकअप टाकून ती उंची परत येत नाही.

खड्ड्यात दबलेली स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. मधे आवर घालणारं कोणी नसेल, तर गाडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा अशी वरखाली झुलतच राहील. शॉकअपच्या नळकांड्यात तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला पिस्टन. पिस्टनमध्ये बारीक छिद्रं, त्यांवर पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह. त्यांतून तेल रेटलं जाताना स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत बदलते. गुडघाभर पाण्यातून सावकाश चालता येतं, धावायला गेलं की पाणी अडवतं. शॉकअपचा विरोधही असाच वेगाबरोबर वाढतो. शिवाय बहुतेक शॉकअप दबताना थोडे सैल आणि ताणले जाताना बरेच घट्ट ठेवलेले असतात, म्हणजे खड्ड्याचा धक्का सरळ अंगावर येत नाही आणि स्प्रिंगची उसळी मात्र रोखली जाते.

खरी अडचण मागच्या बाजूची आहे. छोट्या गाडीचं इंजिन पुढे, चालकही पुढे, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही. मागे मात्र एकटा माणूस गाडी चालवताना स्प्रिंगांवर समजा ३०० किलो असतील, तर तिघं आणि सामान आल्यावर ते ५०० होतात. शॉकअप तोच, स्प्रिंग त्याच. गणित असं की, तीच स्प्रिंग आणि तोच शॉकअप असताना झुलणं आवरण्याची क्षमता वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे इथे जवळपास पाव हिस्सा गेला. रिकाम्या गाडीत ठीक वाटणारा जुना शॉकअप भरल्या गाडीत, घाटाच्या वळणावर उघडा पडतो तो यामुळे.

मग जास्त कडक शॉकअप घ्यावा? हा मोह मला फसवा वाटतो. रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी असते. कडक शॉकअपमुळे चाक खडबडीत रस्त्याच्या चढउतारांमागे जाऊच शकत नाही, उड्या मारतं. चाक जमिनीवर नसलं की ब्रेकही नाही आणि वळणावर पकडही नाही.

१९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली या इंजिनिअरने वजनं सरकवता येतील अशी चाचणी-गाडी घेऊन या प्रश्नाचा एक सुंदर पैलू दाखवला. गतिरोधकावर आधी पुढची चाकं चढतात, मागची नंतर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं समजा २.४ मीटर अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने कापायला ०.२ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद झुलेल अशा स्प्रिंग बसवल्या, तर उशिरा सुरुवात करूनही ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक-शेपूट न हलवता सपाट वरखाली होते. उरलेली झूल शॉकअपने लवकर मारायची असते. मागचे शॉकअप संपले की हा ताळमेळ बिघडतो आणि मागे बसलेल्यांना मळमळतं.

म्हणून निवड साधी ठेवावी: कंपनीने त्याच मॉडेलसाठी ठरवलेला किंवा त्याच मापाचा चांगल्या बनावटीचा. तेलाच्या दुहेरी नळीच्या, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या, शॉकअपमध्ये सलग खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि विरोध ढिला पडतो. हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस बराच आटोक्यात राहतो. नेहमी भरून धावणाऱ्या गाडीला हा प्रकार योग्य. एकेरी नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण महाग असतो आणि रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना त्याची गरज नाही.

गाडी दाबून सोडण्याची चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप पकडते. टायरवर जागोजागी पडलेले खळगे आणि नळीवरून ओघळणारं तेल या खुणा जास्त बोलक्या. नुसता तेलकट थर असला तर घाबरू नये.

बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, पण काढताना एकावेळी एकच आणि अॅक्सलखाली, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, जॅक लावून. बऱ्याच छोट्या गाड्यांत अॅक्सल किती खाली लोंबावा हे शॉकअपच ठरवतो; दोन्ही सुटले तर स्प्रिंग निसटते आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. आडव्या ठेवलेल्या नव्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा शिरलेली असू शकते, ती उभ्याने दोन-चारदा पूर्ण दाबून-ताणून काढावी. शॉकअपचा खालचा बोल्ट अॅक्सल लोंबत असताना कधीच पूर्ण आवळू नये. बोल्टभोवतीची रबरी नळी, म्हणजे बुश, त्याच स्थितीत घट्ट धरला जातो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा पाना फिरवायला सांगा. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच राहून जातं.