औषधाला न जुमानणारे गवत

मुंबईत पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की आमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून एक गवत जमिनीलगत चक्रासारखे पसरू लागते. त्याचे बुडखे पांढरट आणि दाबून चपटे केल्यासारखे असतात, तर शेंड्याला पंजाच्या बोटांसारखी चार-सहा कणसे येतात. कोकणातल्या माणसाला ती पाहून नाचणी आठवते आणि ते योग्यच आहे, कारण इल्युसिनी इंडिका नावाचे हे गवत आपल्या नाचणीच्या पूर्वजांपैकी एक मानले जाते. गेल्या वर्षी कीडनियंत्रणवाल्याने आवारात ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले, तेव्हा बाकीचे तण आठवड्याभरात पिवळे पडले आणि हे मात्र हिरवेगार राहिले. "याला औषध लागतच नाही," असे सांगून तो निघून गेला.

त्याचे म्हणणे खरे असू शकते, पण एवढ्या पुराव्यावर ते मान्य करता येणार नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून निष्प्रभ होते, त्यामुळे गढूळ पाणी किंवा धुळीने माखलेली पाने एवढे कारणही अपयशाला पुरते, आणि फवारणीनंतर लगेच सर आली तर बोलायलाच नको. मात्र या गवताची कीर्ती मोठी आहे. ग्लायफोसेट बाजारात आले 1974 साली; त्याला दाद न देणारे हे गवत मलेशियात 1997 मध्ये आढळले. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात राय गवताने पहिलेपणाचा मान पटकावला होता. ग्लायफोसेट वनस्पतीतील एका विकराला (एन्झाइमला) जखडते आणि त्यामुळे तिला काही आवश्यक अमिनो आम्ले तयार करता येत नाहीत. मलेशियातील रोपांत या विकराच्या साखळीतील 106 व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन आढळले, आणि तेवढ्या बदलाने औषधाची पकड सैल झाली. हा बदल फवारणीमुळे घडत नाही. लाखो रोपांतल्या एखाद्यात तो आधीच असतो, फवारणी फक्त त्याची भावंडे मारून जागा मोकळी करते.

शेतात हा प्रश्न पेरणीच्या आधीच सोडवावा लागतो. मका किंवा ज्वारी उगवल्यानंतर हात बांधले जातात, कारण ती पिकेही गवताच्याच कुळातली असतात आणि गवत मारणारी बहुतेक औषधे त्यांनाही सोडत नाहीत. अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यात ग्लायफोसेट पचवणारे राय गवत शरद ऋतूत उगवून मका-कापसाच्या पेरणीपर्यंत शेत व्यापते. तेथील शेतकरी म्हणून आधी जमिनीत टिकून उगवणच रोखणारे औषध देतात, हिवाळ्याच्या अखेरीस क्लेथोडिम फवारतात आणि त्यातूनही उरलेल्यांना पेरणीपूर्वी पॅराक्वाटने जाळतात. क्लेथोडिम गवताच्या वाढत्या कोंबातली मेदाम्लनिर्मिती थांबवते, पण थंडीत फार सावकाश, आणि टाकीत रुंद पानांच्या तणांवरील 2,4-डी या औषधासोबत मिसळले तर त्याचा गवतावरील परिणाम उणावतो. पॅराक्वाट पानांना फक्त वरवर जाळते. गवताचा वाढीचा कोंब बुडाशी असल्यामुळे फुटवे धरलेले रोप पुन्हा तरारते. म्हणूनच रोप दोन-तीन पानांचे असणे औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाचे ठरते. शिवाय पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, हे आपल्याकडे तरी विसरून चालणार नाही.

औषध बदलत राहिले की झाले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने पंजाब-हरियाणातील गव्हाकडे पाहावे. तेथे गुल्ली-डंडा नावाच्या गवताने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणे सोडले होते. त्यातील विकर औषधाचे रेणू मोडून टाकत होते. ही युक्ती जास्त धोकादायक असते, कारण असे विकर कधीच न वापरलेल्या औषधालाही पचवू शकतात. पुढे आलेल्या नव्या औषधांनाही हे गवत काही वर्षांत सरावले.

आपल्या शेतकऱ्याकडे यावर एक जुना उपाय आहे. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यायचे, वाफसा येताच वखराची उथळ पाळी द्यायची आणि मगच पेरायचे. वखराच्या पासेला, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याला, कोणतेही विकर अडवू शकत नाही. पाळी उथळच हवी, कारण खोल नांगरट केली की गाडलेले बी पुन्हा वर येते. अर्थात कोरडवाहू शेतीत हे आठ-दहा दिवस फुकट मिळत नाहीत. पुढचा पाऊस लांबला तर पेरणीच हुकते, आणि तेव्हा फवारणीच्या पंपाकडे हात गेला तर त्याला दोष देणे मुंबईत बसून सोपे असते.

आमच्या आवारात यंदा फवारणी झाली नाही. जमीन मऊ असतानाच माळीदादांनी कणसे येण्याआधी खुरप्याने रोपे उपटली, आणि तरीही त्यांच्या मुळांनी दोन ब्लॉक हलवले. कोपऱ्यातील तीन रोपांनी कणसे धरली होती. एका जोमदार रोपावर हजारोंनी बी येते आणि आमचा खतखड्डा ते मरण्याइतका तापत नाही, म्हणून ती तिन्ही वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली आहेत.