‘तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्न मुलाखतीतून कसा गेला

एखादी वस्तू डिझाइन करताना ती वापरणाऱ्याची, म्हणजे वापरकर्त्याची, मुलाखत घ्यायला शिकणाऱ्याला सुरुवातीलाच बजावलं जातं : ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारू नका. ‘मागच्या वेळी हे काम करताना नेमकं काय झालं?’ असं विचारा. या प्रश्नामागची पद्धत डिझाइन स्टुडिओत जन्मली नाही. ती दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या कॉकपिटमधून आली.

१९४३च्या सुमारास अमेरिकेच्या बी-१७ विमानांच्या अपघातांत एक प्रकार वारंवार दिसत होता. विमान सुखरूप उतरायचं आणि मग फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटायच्या ऐवजी वैमानिक चाकंच आत घ्यायचा. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी कॉकपिट पाहिलं, तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे. त्यांनी चाकांच्या खटक्यावर रबराचं छोटं चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला. न बघताही बोटांना फरक कळू लागला. चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकासारखीच असते.

१९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. नियंत्रकं, म्हणजे कॉकपिटमधले खटके आणि दांडे, कशी असावीत, याबद्दल त्यांनी वैमानिकांचं मत मागितलं नाही. स्वतःच्या हातून झालेली किंवा डोळ्यांदेखत घडलेली एखादी चूक तपशीलवार सांगा, एवढंच म्हटलं. अशा ४६० प्रसंगांपैकी जवळपास निम्म्यांत एका नियंत्रकाऐवजी दुसरंच हाताळलं गेलं होतं. मत मागितलं की माणूस आपल्या सवयींचं समर्थन करतो किंवा विचारणाऱ्याला बरं वाटेल ते बोलतो. घडलेल्या प्रसंगात मात्र हात कुठे गेला, नजर कुठे होती, हे सापडतं. आजची मुलाखत इथूनच आली आहे.

दुसरा धडा सरासरीचा. १९५० साली अमेरिकी हवाई दलातले संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांच्या मापांपैकी कॉकपिटसाठी महत्त्वाची १० मापं निवडली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणारा तो ‘सरासरी’, अशी सैल व्याख्या घेऊनही दहाही मापांत बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. मागेपुढे सरकणारी आसनं आणि पेडल ही त्यानंतरची गोष्ट. सर्वेक्षणांच्या आकड्यांतून एक ‘नमुनेदार ग्राहक’ उभा करणाऱ्यांनी हे शून्य जरूर लक्षात ठेवावं.

‘समानुभूती’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं, हा शब्द डिझाइनच्या क्षेत्रात बराच नंतर रुळला. त्याचं जर्मन मूळ ‘आइनफ्युलुंग’ रॉबर्ट व्हिशर यांनी १८७३ साली कलाकृतीच्या अनुभवासंदर्भात वापरलं होतं. माणसाच्या अडचणीशी त्याचा संबंध नव्हता. डिझाइनमध्ये समानुभूतीचं सर्वांत धाडसी रूप दाखवलं अमेरिकी डिझायनर पॅट्रिशिया मूर यांनी. १९७९ ते १९८२ या काळात, विशीत असताना, त्या वृद्ध स्त्रीच्या वेशात अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत वावरल्या. दृष्टी धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, गुडघे वाकू नयेत म्हणून मागे पट्ट्या, बोटं चिकटपट्टीने जखडलेली. हा परकायाप्रवेश टिकला तो तीन वर्षांच्या चिकाटीमुळे. एखाद्या कार्यशाळेत दहा मिनिटं डोळे बांधून चाललं की अंधत्व समजतं, हा मात्र गैरसमज आहे. त्यात नवख्याची घाबरगुंडी अनुभवायला मिळते. वर्षानुवर्षं न पाहता वावरणाऱ्याचं कौशल्य अजिबात कळत नाही. त्यासाठी त्या माणसाबरोबरच बसावं लागतं.

बसून काय टिपायचं, हे मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रात दाखवलं. प्रगत कॉपियर पहिल्यांदाच वापरणाऱ्या दोघांना त्या एकत्र काम करायला लावत. दोघं असले की बोलणं आपोआप होतं. एकट्याला ‘मनातलं मोठ्याने बोला’ असं सांगावं लागतं आणि तो थोड्याच वेळात गप्प होतो. चित्रीकरणाची नोंद चार रकान्यांत होई : वापरणाऱ्याच्या यंत्राला न दिसणाऱ्या कृती, यंत्राला कळणाऱ्या कृती, यंत्राने त्याला जे दाखवलं ते, आणि त्यामागचा रचनाकाराचा हेतू. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांतल्या दरीत गोंधळ सापडत असे. माणूस बुचकळ्यात पडलेला असतो, यंत्राला मात्र सगळं सुरळीत वाटतं. ही दरी बुजवण्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. आपल्या मतदानयंत्राची बाह्य रचना मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातली. चिन्हाशेजारचं बटण दाबताच लाल दिवा आणि लांब ‘बीप’ येतो, म्हणजे यंत्राला काय कळलं ते अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं.

किती जणांबरोबर बसायचं? ‘पाच जण पुरे’ हे सूत्र जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३च्या हिशेबातून आलं. एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळत असतील, तर पाचांत सुमारे ८५ टक्के कळतात. पण ही ३१ टक्क्यांची अटच बहुतेक जण विसरतात. दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. शिवाय पाचही जण एकाच प्रकारचे वापरकर्ते हवेत : देवनागरी कीबोर्डवर टाइप करणारे आणि बोलून संदेश पाठवणारे यांचे पाच-पाच वेगळे धरावेत. पंधरा जण मिळत असतील, तर नील्सन यांचाच सल्ला असा, की एका दमात सगळे वापरून टाकू नका. पाच जणांची फेरी, दुरुस्ती, पुन्हा पाच. कारण दुरुस्तीनेही नव्या अडचणी येतात आणि त्या दुसऱ्या फेरीतच दिसतात.