शिकले, शहरात गेले की देवधर्म सुटतो?

हा समज जुना आहे, आणि तो काही गावगप्पांतून आलेला नाही. पीटर बर्गर या समाजशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात आधुनिकतेपुढे धर्म ओसरत जाणार असं ठासून मांडलं होतं. 1999 मध्ये त्यानेच ते मागे घेतलं. पश्चिम युरोपात चर्चं ओस पडली हे खरं, पण तो नियम जगाला लागू पडला नाही.

रत्नागिरीकडचा शिमगा बघा. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी रजा टाकून येतो आणि ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर नाचवतो. पालखी दारात आली की ओटी भरायला सगळं घर हजर. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्ये हेच सांगितलं: माणसं एकत्र येऊन भारावतात, त्यातून ‘आपण’ तयार होतं. म्हणजे मुंबईला गेल्याने पालखीची ओढ कमी होतेच असं नाही, उलट वाढूही शकते.

पण दुर्खीमही पुरा पडत नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, मान कुठल्या वाडीचा, यावरून भावकी कोर्टात जाते. तिथे कार्ल मार्क्स आणि जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर वाचावे लागतात. सत्ता आणि प्रतिष्ठा त्यांचा प्रांत.