शंभरचा प्लॅन आणि अकराचा आकडा
डिचोली, साखळी, मये भागातील आमच्या ब्रॉडबँड ग्राहकांसाठी

“शंभरचा प्लॅन घेतला, पण डाउनलोडला अकराच दाखवतं. बाकीचे नव्वद गेले कुठे?” हे विचारायला आमच्या ऑफिसात रोज फोन येतात. चवथीच्या दिवसांत तर जास्तच. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, कोणीतरी लॅपटॉप उघडतो आणि घरच्यांना तो आकडा दाखवतो.

नव्वद कुठेही गेलेले नाहीत. प्लॅनचा आकडा सेकंदाला किती मेगाबिट असा असतो, ब्राउझर फाइल उतरवताना दाखवतो तो सेकंदाला किती मेगाबाइट असा. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान ‘बी’ आणि बाइटसाठी मोठा ‘बी’ घालतात, आणि नजर चुकते ती नेमकी तिथेच. घरातल्या जुन्या माणसांना कुडव आणि खंडी ठाऊक असेल. वीस कुडवांची एक खंडी. पाच खंडी भात कुडवाने मोजला तर शंभर भरतो, पण भात तेवढाच असतो.

म्हणून डाउनलोडला दिसणाऱ्या आकड्याला आठाने गुणा. ११.५ दिसले तर ९२ झाले, म्हणजे शंभरची लाइन चोख चालली आहे. पूर्ण १२.५ दिसणार नाहीत. डेटा साधारण १,५०० बाइटांच्या पाकिटांतून येतो आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे मजकूर असतो. कुरिअरवाला खोक्याचंही वजन धरतो, तसंच हे. शंभरातले ९४-९५ फाइलच्या वाट्याला आले तरी उत्तम समजा.

मागच्या जुलैत मयेच्या एका निवृत्त मास्तरांनी तक्रार नोंदवली. आमच्या ऑफिसातला लाइन दुरुस्त करणारा मुलगा भर पावसात शिडी घेऊन गेला, खांबावरचा जोड तपासला, घरातली वायर बदलली. मास्तरांनी वहीत पंधरा दिवसांचे आकडे तारखेसह लिहून ठेवले होते: ११.४, ११.६, ११.२. इतकी नीट नोंद आम्हीसुद्धा ठेवत नाही. मुलाने त्याच पानावर प्रत्येक आकड्याला आठाने गुणून दाखवलं. लाइनीत काहीच बिघाड नव्हता. त्या दुपारी कुडण्यात मात्र एका घरी लाइन खरोखर तुटलेली होती, आणि तिथे पोचायला संध्याकाळ झाली. हे पत्रक काढलं ते त्यासाठी.

“मग तुम्हीच बाइटमध्ये का सांगत नाही?” असंही काहीजण विचारतात, थोडं रागाने. मोठा आकडा दाखवायचा म्हणून नव्हे. तारेतून एकामागून एक बिट जातो, म्हणून लाइन पहिल्यापासून बिटांतच मोजतात. फोनच्या तारेवरचा जुना मोडेम ५६ किलोबिटचा होता, म्हणजे सेकंदाला फक्त ७ किलोबाइट. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला सरकारने ठरवलेला किमान वेगही २ मेगाबिट असाच आहे. आम्ही मोठ्या कंपनीकडून लाइन विकत घेतो तीही बिटांतच. फाइल मात्र बाइटांत साठते. ‘गोवा’ एवढं लिहिलं तरी आजच्या युनिकोडच्या रूढ पद्धतीत १२ बाइट लागतात, म्हणजे ९६ बिट.

४ जीबीचा सिनेमा शंभरच्या लाइनवर किती वेळात उतरेल? ४ जीबी म्हणजे ४,००० मेगाबाइट. ४,००० गुणिले ८ म्हणजे ३२,००० मेगाबिट, त्याला १०० ने भागलं की ३२० सेकंद. पाकिटांचा खर्च धरून सहा मिनिटं समजा. महिन्याची डेटा मर्यादा जीबीत, म्हणजे बाइटांत असते. शंभरची लाइन तासभर पूर्ण वेगाने चालली तर ४५ जीबी होतात.

आता खरी तक्रार कशी ओळखायची ते सांगतो. मोबाइलवर आतल्या खोलीत मोजू नका. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय निम्म्यावर येतो, आणि तो दोष लाइनीचा नसतो. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडा, बाकीचे मोबाइल बंद करा, मग स्पीड टेस्ट करा. टेस्टचा आकडा बहुधा मेगाबिटमध्येच असतो, त्याला गुणायचं नाही. प्लॅनच्या नव्वद टक्क्यांच्या खाली आला तर लगेच फोन करा, तो आकडा आणि वेळ सांगा. अशा तक्रारीला आम्ही आधी निघतो.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. दोनशेचा प्लॅन असून टेस्ट नेहमी ९४-९५ वरच अडकत असेल, तर बहुतेक राऊटरचं पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची जागा, जुनं, शंभरचं आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी उंदराने कुरतडली आहे. केबल आम्ही तपासून देतो. गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटच्या पोर्टचा राऊटर ऑफिसात ठेवलेला असतो. पण घरात दोन टीव्ही आणि दोन-तीन मोबाइलच असतील तर दोनशेचा प्लॅन घेऊ नका. एचडी व्हिडिओला ५ मेगाबिटच्या आसपास लागतात, तुमचं काम पन्नासात भागतं. प्लॅन बदलण्याआधी महिन्याचं बिल घेऊन ऑफिसात या, बसून हिशेब करू.