पंप सगळ्यात शेवटी

माझ्या मामेभावाने गुहागरला घरामागच्या खळ्यात मातीविना भाजी लावली. सहा-सहा मीटरच्या १० पन्हळी, वर शेडनेट, खाली २०० लिटरची टाकी, टाकीत बुडवलेला पंप. टाकीतलं खताचं पाणी वर चढायचं, पन्हळींतून मुळांना भिजवत उतरायचं आणि पुन्हा टाकीत यायचं. बटण दाबल्यावर पहिल्या चार पन्हळी वाहिल्या, पुढच्या तीन ठिबकल्या आणि शेवटच्या तीन कोरड्याच. "अरे, खोक्यावर तर तासाला पंधराशे लिटर लिहिलंय!" तो वैतागून म्हणाला. आम्ही पाइपाचं तोंड पन्हळीच्या उंचीवर धरलं आणि खाली १० लिटरची बादली लावली. भरायला दीड मिनिट लागलं, म्हणजे तासाला जेमतेम ४०० लिटर.

खोकं खोटं बोलत नव्हतं, फक्त अर्धंच बोलत होतं. तिथे दोन आकडे असतात: १५०० लिटर आणि हेड २.५ मीटर. पहिला आकडा पंपाला काहीच चढवायचं नसताना मिळतो. दुसरा म्हणजे पाणी ज्या उंचीला जाऊन नुसतं थबकतं, थेंबही बाहेर पडत नाही, ती उंची. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. खरं काम चालतं ते या दोन टोकांच्या मधे, आणि मधला हिशोब कंपनीच्या पत्रकातल्या आलेखात असतो. दुकानदाराकडे तोच मागावा.

खरं तर पंपापासून सुरुवात करणं हीच मुळात चूक. सुरुवात मुळांपासून करायची. पन्हळीच्या तळाशी काही मिलिमीटर पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा, म्हणजे मुळं खाली भिजतात आणि वर त्यांना हवा मिळते. ही पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी बसवली. तिला एका पन्हळीमागे मिनिटाला एक ते दोन लिटर पाणी लागतं. दोन धरले तर १० पन्हळींना मिनिटाला २०, म्हणजे तासाला १२०० लिटर. उतार चाळिसास एक ठेवला तर सहा मीटरला १५ सेंटिमीटर. पोफळीचं खोड चिरून, कोरून केलेल्या पन्हळीने ज्यांनी वाडीत शिंपण केलंय, त्यांच्या हाताला हा उतार पाठ असतो: कमी झाला की पाणी तुंबतं, जास्त झाला की धावतं.

आता उंची. टाकीतल्या पाण्यापासून पन्हळीच्या वरच्या टोकापर्यंत १.६ मीटर. पण पंपाला एवढंच ओझं नसतं. पाइपाच्या भिंतीला घासत जाताना पाणी दाब गमावतं, आणि तोही मीटरमध्येच मोजतात, जणू पाणी तेवढं आणखी वर चढवलं. मामेभावाने अर्धा इंची पाइप वापरला होता, कारण तो घरात पडून होता. आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर. तासाला १२०० लिटर पाणी अशा १० मीटर पाइपातून न्यायचं तर घर्षणात सुमारे २ मीटर हेड जातं, प्रत्यक्ष उंचीपेक्षाही जास्त! आतून २५ मिलिमीटरच्या पाइपात हाच तोटा २३ सेंटिमीटरच्या आसपास येतो. व्यास दीडपटीहून थोडा जास्त, तर घर्षण जवळजवळ नऊ पटींनी कमी. व्यास दुप्पट केला तर घर्षण जवळजवळ तिसाव्या हिश्शावर येतं. पाइपावर वाचवलेले चार पैसे पुढे दरमहा वीजबिलात जातात, ते असे. नुसता पाइप बदलून मात्र त्याचं भागलं नसतं. २.५ मीटरवर दम तोडणारा पंप १.६ मीटर चढल्यावर फार काही देऊ शकत नाही.

मग पहिल्या चारच पन्हळी का वाहिल्या? त्याने मुख्य पाइपाला मोठमोठी भोकं पाडली होती. पाण्याला जवळची वाट मोकळी मिळाल्यावर ते लांब कशाला जाईल? उपाय उलटा वाटतो: वाट मुद्दाम अडवायची. मुख्य पाइप रुंद, आणि प्रत्येक पन्हळीला ४ मिलिमीटरच्या दोन बारीक नळ्या. प्रत्येक नळीत सुमारे ४० सेंटिमीटर हेड खर्च होतं. त्यापुढे पहिल्या आणि दहाव्या पन्हळीतल्या अंतराचा फरक किरकोळ ठरतो आणि सगळीकडे जवळपास सारखं पाणी पडतं. नळ्या दोन अशासाठी की एक कचऱ्याने तुंबलीच तर रोप वाचावं. पंपाच्या तोंडाशी जाळी हवीच.

बेरीज केली: १.६ मीटर उंची, पाव मीटर पाइपातलं घर्षण, थोडं एल्बो-टी या जोडांचं, ४० सेंटिमीटर नळ्यांचं. म्हणजे सुमारे २.४ मीटर. तेव्हा २.५ मीटरवर १४००-१५०० लिटर देणारा पंप घ्यायचा आणि जास्तीचं पाणी बॉल व्हॉल्व्हमधून परत टाकीत पडू द्यायचं. पडताना ते हवा घेऊन जातं.

त्याहून फार मोठा पंप मात्र नको. बुडवलेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते. ५० वॅटचा पंप २०० लिटर पाणी दिवसभरात ५ अंशांनी तापवू शकतो, ती उष्णता बाहेर गेलीच नाही तर. जाते, पण वैशाखात कोकणात ती जाणार कुठे? २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तर ऊबच हवी असते. टाकी जमिनीत पुरली किंवा सावलीत ठेवली की बराच फरक पडतो.

परतीचा पाइप सगळेच लहान घेतात. तिथे पंप ढकलत नाही, उतारच काय तो. वरून पाण्याला वाट हवी तशी हवेलाही हवी, शिवाय मुळांचे पुंजके वाहून येतात. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा घ्यावा. जस्ताचे आणि पितळेचे जोड टाळावेत. खताचं पाणी किंचित आम्ल असतं, ते जस्त आणि तांबं विरघळवून थेट रोपांना पाजतं. बाहेरून खारा वारा लोखंड खातो तो वेगळाच.

जूनच्या पहिल्या वाऱ्यात तारेवर फांदी पडली आणि वीज गेली. पन्हळींतलं ३०-४० लिटर पाणी एकदम खाली आलं. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे खत खळ्यात वाहून गेलं. वर रोपं तासाभरात माना टाकायला लागली. आता ५० वॅटच्या पंपाला १०० अँपिअर-तासाची बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडलाय, आठ-दहा तास निभतात. टाकीवर त्याने लाल रंगाने एक रेघ ओढलीय. पंप चालू असताना पाणी तिच्यावर भरायचं नाही, असं घरात सगळ्यांना बजावलंय.